डॉ. होमी भाभा आणि चंद्राची माती

माणूस चंद्रावर गेला, त्याने तिथे झेंडा लावला आणि दगडमाती गोळा करून आणली, हे आपण पुस्तकात वाचतो. पण अंतराळवीरांनी तिथे बरेच प्रयोगही केले. ते फारसे कुणाला ठाऊक नसतात. त्यांतले काही प्रयोग विश्वकिरणांचे होते. आपल्या मुंबईच्या एका शास्त्रज्ञाने याच किरणांचा ध्यास घेतला होता. त्यांचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमींचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना वाचनाची, चित्रांची आणि संगीताची फार गोडी. मुलाने विलायतेला जाऊन इंजिनियर व्हावे आणि टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमी केंब्रिजला गेले खरे, पण मन रमले भौतिकशास्त्रात. तसे त्यांनी घरी कळवले. वडिलांनी अट घातली की, आधी इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवावा, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च ते करतील. होमी रुसून बसले नाहीत. नावडत्या अभ्यासालाही ते नेटाने लागले आणि 1930 साली पहिला वर्ग मिळवला. वडिलांनीही शब्द पाळला.

आता विश्वकिरण म्हणजे काय ते बघू. आकाशातून, फार फार दुरून, अतिशय वेगवान आणि सूक्ष्म कण रात्रंदिवस पृथ्वीकडे येत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. असा एक कण वरच्या हवेवर आदळला की त्यापासून नवे कण निघतात, त्यांपासून आणखी निघतात. ज्वारीच्या एका दाण्यापासून भरगच्च कणीस व्हावे, तसेच हे. असा कणांचा पाऊस कसा पडतो, याचे गणित भाभा आणि हाइटलर या दोघांनी 1937 साली मांडले. भाभांचे नाव जगभर झाले.

1939 साली ते सुट्टीत घरी आले आणि तिकडे दुसरे महायुद्ध पेटले. परत जाणे जमेना. मग ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काम करू लागले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. पुढे परदेशात जाऊन मानाची जागा मिळवणे भाभांना अवघड नव्हते. पण आपल्या मुलांना असे शिक्षण आपल्याच देशात मिळाले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. 1944 साली त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिले आणि 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. बंगळूरहून ती लवकरच मुंबईला आली.

विश्वकिरण पकडायला या संस्थेचे लोक कुठे कुठे गेले बघा! मोठमोठे फुगे उंच आकाशात सोडले, त्यांना उपकरणे बांधली. खाली कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 2300 मीटर खोल उतरले. आपल्याकडच्या साठ फुटी विहिरी एकाखाली एक ठेवल्या, तर सव्वाशे विहिरी लागतील, इतके खोल!

पण पृथ्वीवर हवेचे छप्पर आहे. चंद्रावर ते नाही. छपराखाली उभे राहून गारा मोजणे वेगळे आणि उघड्या माळावर मोजणे वेगळे. तिथे सूर्यावरून आणि दुरून येणारे कण थेट जमिनीवर पडतात. 1969 साली पहिल्याच फेरीत अंतराळवीरांनी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा पडदा सूर्याकडे तोंड करून उभा केला. सव्वा तासाने गुंडाळून परत आणला. त्यात सूर्यावरून आलेले कण अडकले होते. 1972 च्या एप्रिलमध्ये अपोलो 16 च्या वीरांनी प्लॅस्टिक, काच, अभ्रक असे तुकडे बसवलेल्या पाट्या नेल्या. विश्वकिरण त्यांतून गेले की मागे खूण राहायची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपोलो 17 च्या वीरांनी जमिनीला खोल भोक पाडून त्यात सुमारे दोन मीटर लांबीची एक दांडी सोडली. हे किरण मातीत शिरून खाली काय करतात, ते तिने टिपले. आणखी एक गंमत. चंद्राकडे जाताना डोळे मिटले तरी वीरांना मधूनच लखकन उजेड दिसायचा. तो डोळ्यातून आरपार जाणाऱ्या विश्वकिरणांमुळे, असे पुढे तपासात दिसले.

चंद्राची माती मुंबईलाही आली बरं का! भाभांच्याच संस्थेत डॉ. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकेका कणात विश्वकिरणांनी लाखो वर्षांपूर्वी पाडलेले बारीक चरे होते. रसायन लावले की ते दिसू लागत. त्यावरून जुन्या काळी हे किरण कसे होते, हे त्यांनी शोधून काढले.

हे पाहायला भाभा मात्र नव्हते. 24 जानेवारी 1966 रोजी त्यांचे विमान युरोपातल्या मों ब्लाँ या बर्फाच्या डोंगरावर आदळले. वय अवघे 56 वर्षे. माणूस चंद्रावर पोचायला अजून साडेतीन वर्षे होती. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जी आपल्याला कधीच दिसत नाही, तिथल्या एका मोठ्या विवराला आता भाभांचे नाव आहे.

चंद्रावरच्या मातीचा आपल्याला काय उपयोग, असे कुणी विचारील. पण किरणांचे ज्ञान वाढले म्हणून त्यांनी रोगावर उपचार करता येऊ लागले. आपल्या भागातले कर्करोगाचे रुग्ण मुंबईच्या ज्या टाटा हॉस्पिटलात जातात, ते 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे आले. तेव्हा त्या खात्याचे प्रमुख भाभाच होते.

आंबा लावणारा आजोबा फळे खाईलच असे नाही, पण नातवंडे खातात. भाभांनी लावलेल्या झाडाला चंद्राच्या मातीतले फळ लागले. आपणही नावडत्या विषयाला कंटाळू नये आणि आवडत्या विषयाची गोडी सोडू नये.