जमशेटजी टाटा आणि चांद्याचे लोखंड

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांना लाभलेल्या यशाचे वर्णन विस्ताराने येते; परंतु ज्या प्रयत्नांतून त्यांच्या हाती काहीच लागले नाही, त्यांची वार्ता क्वचितच कोणी घेतो. जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव नागपूरच्या एम्प्रेस मिलमुळे आणि जमशेदपूरच्या पोलादामुळे आपल्या घराघरांत पोचलेले आहे. मात्र या देशात पोलाद करावयाचे हा त्यांचा संकल्प प्रथम आपल्याच चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या दगडावरून उद्भवला, ही गोष्ट आपल्या पुष्कळ कुटुंबांस ठाऊक नसेल. जमशेटजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. तथापि ज्ञातीच्या उत्कर्षाची चिंता वाहणाऱ्यांनी ज्यांच्याकडून काही शिकावे अशा पुरुषांत त्यांची गणना अवश्य होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे अल्पचरित्र आम्ही सादर करीत आहो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी धर्मोपाध्यायाच्या कुळात झाला. वडील नसरवानजी यांनी कुलपरंपरेचा व्यवसाय सोडून मुंबईत व्यापार आरंभिला होता. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ मध्ये पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले आणि लौकरच चीनच्या व्यापारानिमित्त हाँगकाँगला गेले. पुढे ते विलायतेस असताना अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव एकाएकी कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्यांबरोबर टाटांच्या पेढीवरही मोठे संकट आले. या आपत्तीतून सावरून १८६८ मध्ये अवघ्या २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली.

मुंबईत चिंचपोकळीची एक जुनी तेलाची गिरणी घेऊन, तिचे कापडगिरणीत रूपांतर करून त्यांनी ती नफ्याने विकली. कोणी दुसरा असता तर लागलीच दुसरी गिरणी विकत घेता. जमशेटजी पुन्हा इंग्लंडला गेले आणि लँकेशायरमधील वस्त्रोद्योग त्यांनी स्वतः पाहून अभ्यासिला. गिरणी कोठे असावी या प्रश्नाचा निर्णय रूढीवर सोडावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले होते. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई किंवा अहमदाबाद, असे समीकरणच होऊन बसले होते. परंतु कापूस जेथे पिकतो, रेल्वे जेथे पोचली आहे आणि कोळसा जेथून फार दूर नाही, अशी जागा शोधीत ते नागपुरास आले. वरोड्याच्या कोळशाच्या खाणी १८७१ मध्ये सुरू झालेल्या होत्या, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जमिनीवर भराव घालून १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

या गिरणीत जमशेटजींची कार्यपद्धती प्रथम स्पष्टपणे दिसून येते. नव्या तऱ्हेच्या रिंग-चात्या निघाल्याचे कळताच १८८३ च्या सुमारास त्यांनी त्या थोड्या संख्येने आणविल्या, आपल्या गिरणीत चालवून पाहिल्या, सुताचे उत्पन्न मोजले आणि खात्री पटल्यावरच त्यांचा सर्रास वापर केला. लँकेशायरच्या पुष्कळ गिरणीवाल्यांनी मात्र जुनीच यंत्रे पुढे दीर्घकाळ चालू ठेविली. कामगारांच्या गैरहजेरीचा प्रश्नही त्यांनी याच दृष्टीने हाताळला. दंड व दटावणी यांवर भिस्त न ठेवता माणूस कामावर का टिकत नाही याचा त्यांनी विचार केला, गिरणीतील हवा खेळती व सुसह्य राहील अशी व्यवस्था केली, नियमित हजेरीस बक्षिसे लाविली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची योजना सुरू केली. अशा प्रकारचे कायदे या देशात होण्यास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली.

आता आपल्या जिल्ह्याच्या कथेकडे वळू. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढण्याविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथील लोहखनिज उत्तम प्रतीचे असून वरोड्याचा कोळसाही त्याच जिल्ह्यात आहे, असे त्या अहवालावरून दिसत होते. ज्या जिल्ह्यात गावाचे नावच लोहारा आहे, तेथे लोखंड आहे हे आपल्या पूर्वजांना सांगावे लागत नव्हते. रानातील लाकडाचा कोळसा व हाताचा भाता एवढ्या सामग्रीवर मातीच्या छोट्या भट्ट्यांतून येथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळीत आलेले होते. त्या लोखंडाचे विळे, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ आपल्या घरांतून वापरले गेलेले आहेत. परंतु विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले व जंगलावर निर्बंध पडले, तशा त्या भट्ट्या हळूहळू विझत गेल्या.

जमशेटजींनी त्या अहवालावर आंधळा विश्वास टाकला नाही. येथील कोळसा पोलादाच्या भट्टीस चालेल काय याची त्यांनी तपासणी करविली. वरोड्याच्या कोळशापासून भट्टीस लागणारा टणक कोक होत नाही, असा निष्कर्ष निघाला. शिवाय खाणींचे त्या वेळचे सरकारी नियम इतके जाचक होते, की मोठे भांडवल घालण्यास कोणी धजावू नये. कारखान्याचा बेत त्यांना बाजूस ठेवावा लागला. परंतु त्याविषयीची माहिती व कात्रणे जमविण्याचे काम त्यांनी कधी सोडले नाही. सतरा वर्षांनी, म्हणजे १८९९ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या अमदानीत खाणींचे नियम सैल झाले आणि साठीला आलेल्या जमशेटजींनी तो जुना बेत पुन्हा हाती घेतला.

१९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले, तेथील लोखंडाचे कारखाने त्यांनी पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या न्यूयॉर्कच्या अभियंत्यास आपले सल्लागार नेमले. पेरिनने प्रथम भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यास हिंदुस्थानात पाठविले. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला हे चांद्याच्या रानात उतरले. बैलगाडीच्या वाटा, पाण्याचे दुर्भिक्ष, वाघांची वस्ती आणि हिवतापाची धास्ती यांतून त्यांनी लोहारा, पिपळगाव इत्यादी ठिकाणे धुंडाळली. दगड चांगला निघाला. मात्र मोठ्या कारखान्यास वर्षानुवर्षे पुरेल इतका साठा तेथे एकत्रित नाही आणि योग्य कोळसाही जवळ नाही, असे वेल्डचे मत पडले. येथे कारखाना होणार नाही, असा निर्णय झाला.

वीस वर्षे उराशी बाळगलेली आशा अशा रीतीने संपुष्टात आली. एखाद्या हट्टी धनिकाने तज्ज्ञ बदलून पाहिला असता, किंवा निम्मे सत्य दडवून भागधारकांकडून पैसा गोळा केला असता. टाटांनी तो नकार जसाच्या तसा स्वीकारला आणि शोध मात्र चालू ठेविला. चांद्याचा निष्कर्ष कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नसल्यामुळे वेळ काढण्यास ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक भूगर्भीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यात द्रुग जिल्ह्यातील एक भाग लोखंडाच्या खुणेने रंगविलेला होता. ही नोंद प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाच्या पूर्वीच्या पाहणीची होती. ते ताबडतोब द्रुगला गेले आणि डल्ली-राजहराचे समृद्ध डोंगर त्यांना आढळले. पुढे १९०४ मध्ये, मयूरभंज संस्थानात काम करणाऱ्या त्याच बोस यांचे पत्र आले आणि तेथील लोखंड, झरियाचा कोळसा व सुवर्णरेखा-खरकाई नद्यांचे पाणी यांचा मेळ बसून साकची येथे कारखान्याची जागा ठरली. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली, तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तिचे भाग घेतले, आणि १९१२ च्या आरंभी पहिले पोलाद बाहेर पडले. साकचीस १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळाले. द्रुगचे डोंगरही वाया गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर उभारलेला भिलाईचा सरकारी कारखाना त्याच खनिजावर चालला.

जमशेटजींना यांपैकी काही पाहावयास मिळाले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. सह्याद्रीच्या पावसाच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची त्यांची योजनाही त्यांच्या पश्चात, १९१५ मध्ये, खोपोलीस सिद्धीस गेली.

तथापि आमच्या मते त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे कार्य याहून निराळे आहे. प्रत्येक शोधासाठी जर्मनी वा अमेरिकेचा तज्ज्ञ आणावा लागतो, हे शल्य त्यांना बोचत होते. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हुशार विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणास पाठविण्यासाठी एक निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. दोनच वर्षांनी त्यांनी तो सर्व जातिधर्मांस खुला केला. मदत कर्जरूपाने द्यावयाची, कमावता झालेल्याने ती फेडावयाची आणि त्याच पैशातून पुढील विद्यार्थ्याने जावयाचे, अशी त्याची व्यवस्था होती. आरंभीच्या विद्यार्थ्यांत स्त्री-डॉक्टरही होत्या. १९२४ पर्यंत सनदी सेवेत शिरणाऱ्या दर पाच हिंदी तरुणांपैकी दोघे या निधीचे विद्यार्थी होते, असे सांगतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही याच निधीचे विद्यार्थी होत.

त्याहून मोठी योजना त्यांनी १८९८ मध्ये मांडली. तीस लाख रुपये किमतीची आपली मालमत्ता देऊन त्यांनी एका संशोधन विद्यापीठाची कल्पना पुढे केली. मूळ आराखड्यात तीन शाखा होत्या: एक विज्ञान व यंत्रविद्येची, दुसरी वैद्यकाची व सार्वजनिक आरोग्याची, आणि तिसरीत शिक्षणशास्त्राबरोबर अर्थशास्त्र व संख्याशास्त्र. म्हणजे कारखाना, रुग्णालय आणि राज्यकारभार या तिन्ही ठिकाणी जे प्रश्न रोज अडतात, त्यांचा शास्त्रीय शोध एका छताखाली व्हावा, असा त्यांचा मानस होता. सरकारने शंका काढीत वर्षे घालविली, आराखड्याचे क्षेत्र आकुंचित झाले. पण म्हैसूर संस्थानाने बंगलोरला ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्था विधिवत् स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले. आज ती भारतीय विज्ञान संस्था म्हणून जगास ज्ञात आहे.

हे सर्व आम्ही आपल्या कुटुंबांपुढे ठेवितो याचे कारण उघड आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचे १९८२ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. जमशेटजींच्या माणसांना हवा तसा साठा जेथे मिळाला नाही, त्या जुन्या जिल्ह्याच्याच सीमेत, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज निघत आहे. त्याबरोबर रानाचे, नदीच्या पाण्याचे, रस्त्यांवरील जड वाहनांचे आणि डोंगराखालच्या माणसांच्या आरोग्याचे प्रश्नही आले आहेत. हिवताप व सिकलसेल यांनी आपल्या गावांचा पिच्छा सोडलेला नाही. अशा प्रश्नांचा शोध येथेच, गावात बसून, घेता येतो याचा दाखलाही आपल्याच भूमीत आहे. गडचिरोलीच्या सर्च या संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करविली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा तिचा अहवाल १९९९ मध्ये लॅन्सेट या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला आणि पुढे इतर देशांनीही त्यापासून बोध घेतला.

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक सभांत शिष्यवृत्ती फंडाचा विषय निघतो तेव्हा बहुधा दोन प्रश्न विचारले जातात: किती गुण मिळाले आणि मुलगा कोणाचा. तिसरा एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची नम्र सूचना आहे: हा विद्यार्थी किंवा ही विद्यार्थिनी आपल्या भागातील कोणत्या अडचणीचा अभ्यास करू इच्छिते? पाण्यातील दोष तपासणारी मुलगी, रस्ते व पूल यांचा अभ्यास करणारा मुलगा, ग्रामपंचायतीचे हिशेब व योजना यांची छाननी करणारा तरुण, अशांना फंडातून अग्रक्रम मिळावा. घेतलेले साहाय्य त्यांनी कमावते झाल्यावर परत करावे. आणि जमशेटजींनी दोनच वर्षांत जे पाऊल उचलले ते, म्हणजे ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यासही दार उघडण्याचे, आपल्याला केव्हा उचलता येईल याचाही विचार व्हावा.

चांद्याच्या रानाने जमशेटजींना कारखाना दिला नाही. परंतु येथील नकार प्रामाणिकपणे ऐकला गेला म्हणून पुढचा होकार सापडला. आपल्या मुलामुलींनी प्रश्न विचारावे, उत्तर मोजून घ्यावे, आणि ते मनाविरुद्ध आले तरी त्यास सामोरे जावे, एवढी शिकवण या चरित्रातून आपल्या घराघरांत रुजली, तर ही पाने कारणी लागली असे आम्ही समजू.