विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाने गिटार कशी बदलली?

नागपुरात लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की गणेशोत्सवाचा मंच, इलेक्ट्रिक गिटार आता नवी राहिलेली नाही. दोन शिंगांसारखी टोके असलेला तिचा आकार तर सगळ्यांच्याच ओळखीचा. तो घडवणारे लिओ फेंडर मात्र गिटारवादक नव्हते. ते रेडिओ दुरुस्त करायचे.

लिओ फेंडर कोण होते?

१० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, संत्र्याच्या बागा असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी आजारात डावा डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, इलेक्ट्रॉनिक्स ते स्वतःच शिकले. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तिथे वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणू लागले आणि तक्रारीही सांगू लागले.

अडचण काय होती?

तेव्हाच्या गिटारी पोकळ पेटीच्या असत. आवाज खूप वाढवला की स्पीकरच्या आवाजाने पेटीही थरथरे आणि कर्कश शिट्टी सुरू होई. उपाय म्हणजे पेटीच नको, भरीव लाकूड हवे. ही कल्पना एकट्या फेंडर यांची नव्हती. लेस पॉल, पॉल बिग्सबी यांचेही तसे प्रयोग झाले होते. फेंडर यांनी अशी गिटार कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल, हे दाखवून दिले.

त्यांच्या गिटारीत वेगळे काय?

दुरुस्ती करणाऱ्याची नजर. गिटारीची मान गोंदाने चिकटवण्याऐवजी त्यांनी ती चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. १९५० मध्ये आलेल्या ‘ब्रॉडकास्टर’च्या नावावर ग्रेच कंपनीने हरकत घेतली, कारण तिचे ड्रम जवळपास त्याच नावाने विकले जात. टीव्हीचा जमाना सुरू होत होता. १९५१ मध्ये नवे नाव आले ‘टेलिकास्टर’.

त्याच वर्षी ‘प्रिसिजन बेस’ आला. माणसाएवढा उभा बेस वाहून नेणे त्रासाचे आणि त्यावर अचूक सूर लावणेही कठीण. फेंडर यांनी तो गळ्यात अडकवता येईल एवढा केला आणि त्याला पडदे बसवले. नावातला ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा, तो या पडद्यांमुळे.

‘स्ट्रॅटोकास्टर’ का गाजली?

टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात, अशी वादकांची तक्रार होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये लाकूड अंगाला बसेल असे तासले गेले. वरच्या पडद्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून दोन्ही बाजूंना खाचा दिल्या; शिंगांचा आकार आला तो यातून. तीन पिकअप आणि सूर लहरवणारा स्प्रिंगचा दांडा ही आणखी वैशिष्ट्ये. पुढे १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेन्ड्रिक्स यांच्या हातात हीच गिटार होती.

कंपनी का विकली?

जुन्या संसर्गाने फेंडर खचले होते. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकली. नंतर प्रकृती सुधारली, पण ‘फेंडर’ हे नाव आता सीबीएसचे होते. स्वतःचे आडनावच स्वतःच्या गिटारीवर घालता येईना. त्यांनी ‘म्युझिक मॅन’साठी आणि मग ‘जी अँड एल’ या नावाने वाद्ये घडवली. पार्किन्सन जडल्यावरही काम सुरूच राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय उरले?

टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर आणि प्रिसिजन बेस आजही बनतात आणि त्यांची मूळ रचना फारशी बदललेली नाही. फेंडर यांना गिटार वाजवता येत नसल्याने त्यांनी प्रत्येक नमुना वादकांच्या हाती दिला, त्यांचे ऐकले आणि मग बदल केले. मान सैल झाली तर आजही स्क्रू ड्रायव्हर पुरतो.