हास्केल करी

हास्केल ब्रुक्स करी (१२ सप्टेंबर, १९०० – १ सप्टेंबर, १९८२) हे अमेरिकन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. संयोजक तर्कशास्त्राच्या उभारणीसाठी ते ओळखले जातात. संगणकीय भाषांमधील टाइप अनुमानाचे, म्हणजे न लिहिलेला टाइप संदर्भावरून ओळखण्याचे, एक मूळ त्यांच्या कार्यात आहे.

जीवन

करी यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलिस येथे झाला. त्यांचे आईवडील बोस्टनमध्ये वक्तृत्वाचे शिक्षण देणारी संस्था चालवीत. १९१६ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले, परंतु गणिताकडे वळून १९२० मध्ये पदवीधर झाले. मोझेस शॉनफिंकेल यांचा १९२४ चा निबंध वाचनात आल्यानंतर ते जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे गेले व १९३० मध्ये त्यांना डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे डॉक्टरेट मिळाली. १९२९ ते १९६६ या काळात त्यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट येथे अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते एनिॲक या संगणकाच्या कामाशीही संबंधित होते. १९६६ ते १९७० ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक होते.

कार्य

१९३५ मध्ये स्टीफन क्लीनी व जे. बी. रॉसर यांनी अलोन्झो चर्च यांच्या व करी यांच्या तर्कपद्धतींत विसंगती असल्याचे सिद्ध केले. करी यांनी विषय सोडला नाही. विसंगतीच्या मुळाचा शोध घेऊन १९४२ मध्ये त्यांनी आज करीचा विरोधाभास म्हणून ओळखला जाणारा युक्तिवाद मांडला.

१९३४ मध्येच त्यांनी संयोजकांना टाइप देण्याची कल्पना मांडली होती. या टाइपांचे तर्कशास्त्रातील जर-तर विधानांशी साम्य आहे, हे त्यांनी दाखवले. विल्यम हॉवर्ड यांनी पुढे विस्तारलेला हा संबंध करी-हॉवर्ड अनुरूपता या नावाने प्रसिद्ध आहे.

टाइप अनुमान

करी यांच्या पद्धतीत पदावर टाइप लिहिलेला नसतो. तो नियमांनी ठरवला जातो. उदाहरणार्थ, मिळालेली वस्तू जशीच्या तशी परत करणाऱ्या फलनाचा सर्वांत व्यापक टाइप 'अ पासून अ' असा येतो. मात्र स्वतःलाच लागू केलेल्या फलनासाठी अ हा 'अ पासून ब' यासमान असावा लागतो, म्हणून त्याला या पद्धतीत टाइप मिळत नाही. १९६९ मध्ये रॉजर हिंडली यांनी सर्वांत व्यापक टाइपाचा सिद्धांत मांडला, तर १९७८ मध्ये रॉबिन मिल्नर यांनी एमएल भाषेसाठी अनुमानाची पद्धत दिली.

जावासारख्या भाषांत उपप्रकारांमुळे हे काम अवघड होते. एकाच जेनेरिक मेथडला पूर्णांक व दशांश संख्या दिल्यास दोहोंना सामावणारा टाइप शोधावा लागतो. रिकामी यादी देणाऱ्या मेथडमध्ये तर युक्तिवादांवरून काहीच कळत नाही. अपेक्षित टाइप बाहेरच्या संदर्भातून घ्यावा लागतो. २०१४ मधील जावा ८ या आवृत्तीत हे अनुमान बरेच सुधारले. तरीही टाइप पूर्णपणे वगळणे सर्वत्र शक्य नाही: सिस्टिम एफ या अधिक व्यापक पद्धतीत असे अनुमान सर्वसाधारणपणे करता येत नाही, हे जे. बी. वेल्स यांनी सिद्ध केले.

वारसा

हास्केल व करी या संगणकीय भाषांना, तसेच करीइंग या प्रक्रियेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. करीइंगची कल्पना मात्र शॉनफिंकेल यांच्या लेखनात आधीच आढळते.