मलिक अंबरची लेक



आपले शहर वसवणारा माणूस आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला होता. मलिक अंबर त्याचे नाव. त्याच्या नहरीचे कौतुक आपण मुलांना सांगतो, पण त्याच्या घरातले दुःख क्वचितच सांगतो.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशी, एकेकाळचा गुलामच. तो वारल्यावर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला गादीवर बसवले व आपली मुलगी त्याला दिली. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले.

सुलतानाची थोरली बेगम गोरी, इराणी वंशाची होती. त्या काळी अंबरला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की भांडणात तिने अंबरच्या लेकीला काळी गुलाम म्हणून हिणवले. लेकीने ते बापाला कळवले. बापाने बेगम व सुलतान दोघांनाही विष घालून मारवले आणि सुलतानाच्या लहानग्या मुलाला गादीवर बसवले.

विषाने ते हिणवणे थांबले का? नाही. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरच्या रंगावरून त्याला हिणवले, त्याच्या मस्तकावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्रही काढून घेतले. अंबर १६२६ मध्ये वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

ज्याच्यापुढे मोगल फौजा हटल्या, त्या बापाला लेकीला एका शब्दापासून वाचवता आले नाही. हे आम्हांला फार अस्वस्थ करते, कारण तो शब्द आपल्याही घरांत आहे. बाळ पाहायला गेल्यावर आपण रंग पाहतो. स्थळ पाहताना गोरी मुलगी मागतो. दुसऱ्या जातीची सून आली की तिच्या मुलांना वेगळे मोजतो. आम्ही धर्मगुरूही असे बोलणे ऐकून गप्प बसलो आहोत.

मूल रडत घरी आले तर त्याला गप्प करू नका व सूडही शिकवू नका. आधी सगळे ऐकून घ्या. मग शाळेत जा, शेजाऱ्याकडे जा, शांतपणे पण स्पष्ट बोला. आणि तो शब्द आपल्याच मुलाने उच्चारला असेल, तर त्याला घेऊन माफी मागायला जा. देवाने कोणालाही कमी प्रतीचे घडवलेले नाही, हे मूल आपल्या वागण्यातूनच शिकते.

आपले धर्मगुरू