बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : घरच्या आधाराचे फळ

मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर, राष्ट्रीय सभेचे पहिले मुस्लिम अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक म्हणून बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपण आदराने घेतो. परंतु हा थोर पुरुष ज्या घरात घडला, त्या घराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पालकांनी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्राचा हा भाग अवश्य जाणून घ्यावा.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यबअली हे सुलेमानी बोहरा समाजातील व्यापारी; घराणे मूळचे खंबायतचे. इंग्रजी शिकलेला मुलगा दीनापासून दूर जाईल, अशी धास्ती तेव्हा समाजात होती. तरीही तय्यबअलींनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. घरातच असे उदाहरण असल्यामुळे बद्रुद्दीन यांना कायद्याची वाट दिसली.

मदरशात उर्दू व फारसी शिकून ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. पुढे १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. १८६३ मध्ये मिडल टेंपल येथे बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला. आणि नेमके याच वेळी डोळ्यांनी दगा दिला! दृष्टी मंदावू लागली आणि १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले.

पालक हो, येथे क्षणभर थांबा. एवढा खर्च झालेला, मुलगा रिकाम्या हाताने परत आलेला, त्यात डोळे अधू. आता शिक्षण पुरे, व्यापारात लक्ष घाल, असे कोणत्याही घरात सहज म्हटले गेले असते. परंतु त्या घरात शिक्षणाचे दार बंद झाले नाही. सुमारे वर्षभर मुंबईत राहून १८६५ च्या अखेरीस बद्रुद्दीन यांनी लंडनला पुन्हा अभ्यास सुरू केला आणि एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षी डिसेंबरात ते मुंबईस परतले. उच्च न्यायालयातील इतर सर्व बॅरिस्टर इंग्रज होते. इथून पुढची वाट त्यांची त्यांनाच चालायची होती. घराने शिक्षण दिले, परंतु न्यायालयात उभे राहून बोलायचे होते ते त्यांनाच. स्वतःच्या बुद्धीने व मेहनतीने त्यांनी नाव मिळविले. १८७४ मध्ये कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. घरात मिळालेला आधार समाजातील इतर मुलांनाही लाभावा, असेच जणू हे कार्य होते. १८८७ मध्ये मद्रासच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच.

मुलींच्या बाबतीतही त्यांनी हात आखडता घेतला नाही. सर्व मुलींना त्यांनी मुंबईत शिकविले आणि १९०४ मध्ये दोघींना इंग्लंडच्या शाळेत पाठविले. वडिलांकडून जे मिळाले, ते त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता पुढे दिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे आजही मुलगा एकदा नापास झाला की त्याला दुकानात बसविण्याची किंवा आखातात धाडण्याची घाई होते. मुलीची दहावी झाली की स्थळे पाहण्यास सुरुवात होते. तय्यबजींइतका पैसा आपल्यापाशी नाही, हे खरे. परंतु अडखळलेल्या मुलाला वर्षभर धीर देऊन पुन्हा उभे करण्यास पैशापेक्षा विश्वास अधिक लागतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, आईवडिलांचा आधार हे आपल्यावरील कर्ज आहे. आपल्या पायांवर उभे राहावे आणि मागून येणाऱ्याला हात द्यावा, म्हणजे ते फिटते.