त्यागराजचरणरत बंगळूर नागरत्नम्मा

भगवंतावर प्रेम करणारे भक्त आपल्या देशात असंख्य झाले. भगवंताच्या भक्तालाच देव मानून त्याच्या पायाशी सर्वस्व ठेवणारे मात्र विरळा. कर्नाटकात जन्मलेल्या आणि कावेरीतीरी देह ठेवलेल्या नागरत्नम्मा अशा विरळा भक्तांपैकी होत.

त्यांचा जन्म 1878 साली नंजनगुड येथे झाला. आई पुट्टलक्ष्मी ही देवदासी कुळातील गायिका. पित्याचा आश्रय फार काळ लाभला नाही. परंतु मुलीला विद्या मिळालीच पाहिजे असा त्या मातेचा दृढ निश्चय होता. म्हैसूर दरबारातील पंडित गिरिभट्ट तिम्मय्या यांच्याकडे नागरत्नम्मांचे संस्कृत अध्ययन सुरू झाले. लहानपणी पडलेला हा संस्कृताचा पाया आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडला. पुढे मायलेकी बंगळूरास आल्या. शहाजीराजांच्या जहागिरीचे हेच ते नगर. येथूनच व्यंकोजीराजे तंजावरास गेले आणि त्यांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. बंगळूरात मुनुस्वामप्पा हे गुरू नागरत्नम्मांना लाभले. ते त्यागराजस्वामींच्या वालाजापेठ येथील शिष्यपरंपरेतले. त्यांच्या मुखातून त्यागराजांची कीर्तने शिकता शिकता त्या संताचे वेड मुलीच्या मनात केव्हा रुजले, ते कोणास कळले नाही. आई लवकरच वारली. गाणे तेवढे उरले.

तरुणपणी नागरत्नम्मांनी म्हैसूर दरबारी व बंगळूरात कीर्ती मिळविली. नंतर त्या मद्रासेस जाऊन राहिल्या. तेथे द्रव्य आणि मान दोन्ही विपुल मिळाले. त्यांच्या घरी अलंकार होते तशी पोथ्यापुस्तकेही होती.

याच काळात मुद्दुपळनी या कवयित्रीचे ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू काव्य त्यांच्या हाती आले. मुद्दुपळनी ही तंजावरचे प्रतापसिंहराजे भोसले यांच्या दरबारातील. राजांचा काळ 1739 ते 1763. राधेने स्वतः वाढविलेल्या इळेचा विवाह कृष्णाशी लावून दिला आणि मग विरहाने ती स्वतःच व्याकुळ झाली. तिची समजूत घालण्यासाठी अखेर भगवंताला यावे लागले, असे हे कथानक. प्रेम स्वतःच्या हाताने देऊन टाकल्यावर मागे जे उरते त्याची ही कथा आहे, आणि ती एका स्त्रीने लिहिली आहे. आधीच्या छापील प्रतीत कवयित्रीने स्वतःची व आपल्या आई-आजीची दिलेली माहिती गाळलेली आढळली. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवून संपूर्ण पाठ सिद्ध केला आणि तो 1910 साली छापविला.

त्यावर मोठा गहजब झाला. कंदुकूरि वीरेशलिंगम् यांच्यासारख्या थोर सुधारकाने या काव्यास अश्लील ठरविले होते. विशेषतः स्त्रीच्या मुखी असे वर्णन त्यांना असह्य वाटले. लज्जा ही काय केवळ स्त्रियांसाठीच आहे, असा नागरत्नम्मांचा साधा प्रश्न होता. शासनाने पुस्तकावर बंदी घातली. जयदेवांचे गीतगोविंद देवळादेवळांतून गायिले जाते, तेथे कोणी कान झाकीत नाही. मग मुद्दुपळनीच्या राधेलाच दंड का, हे समजणे कठीण आहे. स्वतः त्यागराजांनी ‘नौकाचरित्रम्’ या संगीत नाटकात यमुनेवरील नौकेत गोपी व कृष्ण यांची लीला रंगविली आहे. रामाला स्वामी मानणाऱ्या त्या संतालाही गोपींचे प्रेम परके नव्हते. पुस्तकावरील बंदी उठण्यास 1947 साल उजाडावे लागले.

नागरत्नम्मांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते 1921 साली. तंजावरजवळ तिरुवैयारू येथे 1847 साली त्यागराज समाधिस्थ झाले. त्या समाधीची दुरवस्था झाल्याचे वर्तमान त्यांच्या कानी आले. ज्याची कीर्तने गाऊन आपण अन्न मिळविले, त्याच्या डोक्यावर छप्पर नाही, ही कल्पना त्यांना साहवली नाही. त्यांनी भूमी मिळविली, दागिने विकले, आयुष्याची कमाई ओतली. 7 जानेवारी 1926 रोजी नव्या मंदिराची प्रतिष्ठा झाली.

आणि तरीही पौष वद्य पंचमीच्या आराधनेत त्यांना गाता येईना! तेथे गायकांचे दोन पक्ष होते. त्यांचे आपसांत पटत नसे, पण स्त्रियांना गाऊ द्यावयाचे नाही याविषयी मात्र दोघांचे एकमत. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रियांनाही परमगतीचे आश्वासन दिले आहे. त्या मंडपात ते पोहोचले नव्हते. जिच्या पैशाने मंदिर उभे राहिले, तिलाच गाण्यास मज्जाव. दुसरे कोणी असते तर रागाने निघून गेले असते. नागरत्नम्मांनी स्त्रियांचा तिसरा पक्ष उभा केला आणि समाधीच्या मागील बाजूस बसून त्या गाऊ लागल्या. पुढची अनेक वर्षे हा क्रम चालला. अखेरीस 1940 साली तिन्ही पक्ष एक झाले आणि त्यानंतर स्त्रीपुरुष एकाच मंडपात गाऊ लागले.

त्यांनी संस्कृतात त्यागराजांची अष्टोत्तरशतनामावली रचली. देवासाठी नामावल्या रचणारे पुष्कळ. येथे एका शिष्येने संतालाच एकशे आठ नावांनी हाक मारली. उत्तरायुष्य त्यांनी तिरुवैयारूलाच काढले. आपली मिळकत त्यांनी समाधीच्या सेवेसाठी लावून दिली.

19 मे 1952 रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी ‘राधिकासांत्वनम्’ पुन्हा छापले गेले. त्यागराजांच्या समाधीजवळच नागरत्नम्मांची समाधी बांधली असून तेथे त्यांची हात जोडून बसलेली मूर्ती आहे. तिचे मुख त्यागराजांच्या मंदिराकडे आहे.