संशयातून सत्याकडे : डॉ. हर्मन जेकोबी

एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक नामवंत प्राच्यविद्यापंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत असत. भगवान महावीर आणि भगवान बुद्ध यांचा काळ, प्रदेश व क्षत्रिय कुळ यांतील साम्य पाहून लासेन, वेबर यांसारख्या थोर विद्वानांनीही हेच मत मांडले होते. या मताविषयी शंका घेण्याचे धैर्य एका तरुण जर्मन अभ्यासकाने दाखविले. ते म्हणजे डॉ. हर्मन जेकोबी.

१८५० मध्ये कोलोन येथे जन्मलेल्या जेकोबींनी प्रथम गणिताचे अध्ययन केले व नंतर ते संस्कृतकडे वळले. १८७३-७४ मध्ये डॉ. ब्यूलर यांच्यासमवेत राजस्थानात प्रवास करताना जैसलमेरच्या ग्रंथभांडारातील हस्तलिखिते त्यांनी पाहिली. मूळ ग्रंथ उपलब्ध असताना ऐकीव मतावर विसंबणे त्यांना रुचले नाही.

१८७९ मध्ये त्यांनी कल्पसूत्राची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत व पुढील लेखनात त्यांनी प्रचलित मताची कसून तपासणी केली. विशेष म्हणजे, केवळ जैन परंपरा सांगते म्हणून त्यांनी तिचे म्हणणे स्वीकारले नाही. त्यांनी साक्ष काढली ती प्रतिपक्षाची. पाली ग्रंथांत निगंठ नातपुत्त, म्हणजेच महावीर, हे बुद्धांचे समकालीन प्रतिस्पर्धी म्हणून येतात. निर्ग्रंथांना नवा पंथ मात्र कोठेही म्हटलेले नाही. तेथील चातुर्यामाचा उल्लेख तर महावीरांच्याही पूर्वीच्या पार्श्वनाथ परंपरेकडे निर्देश करतो. अशा प्रकारे जैन धर्माचे स्वतंत्र अस्तित्व व पार्श्वनाथांची ऐतिहासिकता त्यांनी प्रतिपादन केली. त्याआधीच्या तीर्थंकरांविषयी मात्र तितक्या निश्चयाने ते बोलले नाहीत. पुरावा जेथे संपला तेथे त्यांची लेखणीही थांबली.

पुढे १८८४ व १८९५ मध्ये आचारांग, कल्पसूत्र, उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद दोन खंडांत प्रसिद्ध झाले आणि जैन आगमांची जगाला ओळख झाली. दीर्घकाळ बॉन विद्यापीठात अध्यापन करून १९३७ मध्ये त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

जेकोबींचा निष्कर्ष आपल्याला सुखावतो, म्हणून आपण तो अभिमानाने सांगतो. परंतु ज्येष्ठांचा शब्द त्यांनी मुकाट्याने मानला असता, तर तो निष्कर्ष त्यांच्या हातून निघालाच नसता. आपल्या मुलांनी प्रश्न विचारला की आपण त्यांना गप्प करतो काय, याचा विचार या निमित्ताने व्हावा. शंकेला अभ्यासाची जोड देणे, हीच त्या ज्ञानोपासकास खरी आदरांजली ठरेल.